सौर कोटेशनवर प्रत्येक फेजचा आणि जुलै महिन्याचा आकडा हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

छपरावर सौर पॅनेल बसवा आणि वीजबिल शून्य करा, अशा आशयाचे लेख आणि जाहिराती फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर झाल्यापासून सतत वाचनात येत आहेत. ही सारी चर्चा महावितरणची जोडणी असलेल्या घरांपुरती असते. ज्यांच्या घरापर्यंत तार पोहोचलेली नाही, किंवा पोहोचूनही पावसाळ्यात तिचा भरवसा नाही, त्यांनी उभारलेल्या पारेषणविरहित, म्हणजे महावितरणच्या तारेशी न जोडलेल्या, संचांविषयी क्वचितच काही छापून येते. त्यातही तीन फेजची, म्हणजे मोठ्या मोटारींना लागणारी तीन तारांतून येणारी वीज स्वतःच तयार करून घर आणि बागायत दोन्ही चालवणाऱ्यांविषयी तर फारच कमी. दापोली तालुक्यातील आमचे घर गेली काही वर्षे अशाच संचावर चालते. त्या अनुभवाच्या आधारे एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सौर संचाच्या प्रत्येक कोटेशनवर एकूण किलोवॅटच्या जोडीला आणखी चार आकडे लिहिणे पुरवठादारांना बंधनकारक करावे : एका फेजवर सतत मिळणारी क्षमता, मोटार सुरू होताना काही सेकंद पेलता येणारा भार, पॅनेल-बॅटरीची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतः खातो ती वीज, आणि जुलै महिन्यातील अपेक्षित उत्पादन. आज यांपैकी एकही आकडा सहसा विचारल्याशिवाय सांगितला जात नाही, आणि घर चालते ते नेमके याच चार आकड्यांवर.

सुरुवातीला एक गैरसमज दूर केलेला बरा. पारेषणाशी जोडलेला, बॅटरी नसलेला साधा सौर संच महावितरणची वीज गेली की आपोआप बंद पडतो. बंद लाइनवर दुरुस्तीसाठी चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरच्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था असते आणि ती रास्तच आहे. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा दापोली-मंडणगड भागात खांब आडवे होऊन कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. छपरावर पॅनेल आहे आणि वर स्वच्छ ऊन आहे, तरी अशा वेळी त्या संचातून घरात एक दिवाही लागत नाही, हे बसवण्यापूर्वी फार थोड्यांना सांगितले जाते. त्या वादळानंतर आमच्या परिसरात बॅटरीसह स्वतंत्र संचांचा विचार जो वाढला, त्यामागे हा अनुभव आहे.

घरासाठी तीन फेज कशाला, असा प्रश्न शहरातील वाचकांना पडेल. दिवे, पंखे, फ्रिज, दूरदर्शन संच यांना एकच फेज पुरतो. प्रश्न पाण्याचा असतो. पोफळी आणि माड यांचे शिपणे दिवाळीनंतर सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालते. विहीर उताराच्या तळाशी आणि टाकी वर असेल, तर अर्धा-एक अश्वशक्तीच्या पंपाने भागत नाही. तीन आणि त्यापुढील अश्वशक्तीच्या मोटारी साधारणपणे तीन फेजच्याच घेतल्या जातात, कारण त्यांना सुरू होण्यासाठी कपॅसिटर लागत नाही, केबल तुलनेने बारीक चालते आणि मोटार टिकते. एखाद्याच्या घरी पिठाची गिरणी किंवा भात भरडण्याचे यंत्र असेल, तर तेही तीन फेजवर असते. त्यामुळे तीन फेजची गरज खरी आहे. मात्र ती घराची नसून मोटारीची आहे, हा फरक कोटेशन करणारा आणि घेणारा या दोघांनीही ध्यानात ठेवायला हवा.

आता क्षमतेच्या आकड्याकडे येतो. पारेषणविरहित तीन फेज दोन प्रकारे मिळतात : तीन फेजचा एकच इन्व्हर्टर घेऊन, किंवा एका फेजचे तीन इन्व्हर्टर एकमेकांशी १२० अंशांच्या अंतराने जुळवून. आमच्याकडे दुसरा प्रकार आहे. पाच केव्हीएचे (केव्हीए हे इन्व्हर्टरच्या क्षमतेचे माप) तीन इन्व्हर्टर लागले की कागदावर 'पंधरा केव्हीए' लिहिले जाते, आणि घरातील माणसांच्या मनात पंधराचाच आकडा बसतो. प्रत्यक्षात कोणत्याही एका फेजवर पाचच्या वर जाता येत नाही, आणि अनेक यंत्रांत पाच केव्हीए म्हणजे चारच किलोवॅट असतात; मे महिन्यात बंद खोलीतील यंत्र तापले की त्यातलेही थोडे कमी होतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकाच फेजवर आहेत असे समजा. दोन किलोवॅटचा गिझर, दीड किलोवॅटची किटली आणि एक किलोवॅटची इस्त्री एकाच वेळी लागली, म्हणजे साडेचार किलोवॅट झाले. बाकीचे दोन फेज जवळजवळ रिकामे आहेत, बॅटरी भरलेली आहे, बाहेर लख्ख ऊन आहे आणि तरीही संच बंद पडतो. एक फेज गेला असताना मोटार दोन फेजवर चालत राहिली तर जळते. म्हणून एक इन्व्हर्टर थांबला की तिन्ही एकदम थांबावेत, अशी जुळणी सहसा केलेली असते. परिणामी इस्त्री लावली की पोफळीचे पाणी बंद पडते. महावितरणच्या जोडणीवर एका फेजचा भार थोडा जास्त झाला तर सहसा कुणाला कळतही नाही, कारण मागे डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर असतो. पारेषणविरहित घरात डीपी म्हणजे आपलाच इन्व्हर्टर. त्यामुळे वायरिंग करतानाच कोणती खोली कोणत्या फेजवर ठेवायची याचा विचार करावा लागतो, आणि तो वायरमनवर सोपवून चालत नाही; गिझर सकाळी किती वाजता लागतो आणि धुण्याचे यंत्र केव्हा फिरते, हे घरातील बायकांनाच ठाऊक असते.

मोटार सुरू होतानाचा भार हा दुसरा आकडा. थेट स्टार्टरवर सुरू होणारी मोटार पहिले काही क्षण नेहमीच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते. तीन अश्वशक्तीच्या पंपाचा चालू प्रवाह प्रत्येक फेजला सुमारे सहा अँपिअर धरला, तर सुरू होताना तो छत्तीसच्या घरात जातो. २३० व्होल्टला हे साधारण आठ केव्हीए झाले. काही सेकंद दुप्पट भार सोसणारा पाच केव्हीएचा चांगला इन्व्हर्टर एवढे पेलतो. पाच अश्वशक्तीचा पंप लावला तर हाच हिशेब प्रत्येक फेजला तेरा केव्हीएपर्यंत जातो, आणि कोटेशनवर पंधरा लिहिलेला संच पंप सुरू करण्याच्या क्षणी मान टाकतो. यावरचा उपाय महागडा नाही. मोटारीला व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता कमी-जास्त करणारे उपकरण जोडले की वारंवारता शून्यापासून हळूहळू वाढत जाते आणि सुरुवातीचा धक्का जवळपास नाहीसा होतो. दिसायला हा एक लहानसा डबा, पण तो असेल तर तेवढ्याच मोटारीसाठी लहान इन्व्हर्टर पुरतो. मग पुरवठादार तो आपणहून का सुचवत नाहीत? मोठ्या इन्व्हर्टरवर नफा जास्त, हे त्याचे कारण मला वाटते. कुणी वेगळे कारण दाखवून दिल्यास आनंदच होईल.

न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) आणि अर्थिंग (जमिनीला जोडणी) यांविषयी थोडक्यात, पण ठासून लिहितो, कारण येथे प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे. महावितरणच्या व्यवस्थेत न्यूट्रल डीपीपाशी जमिनीला जोडलेला असतो. स्वतंत्र संचात हे काम आपल्याला, एका ठिकाणी आणि एकाच ठिकाणी, करून घ्यावे लागते. ते झाले नाही तर गळतीचा प्रवाह तोडण्यासाठी बसवलेला आरसीसीबी नुसता शोभेचा राहतो. त्याचप्रमाणे तीन फेजना सामाईक असलेली न्यूट्रलची तार कोठे सैल झाली, तर दोन फेजमधील ४०० व्होल्ट असमान भारांत वाटले जातात आणि ज्या फेजवर भार कमी, तेथील फ्रिज आणि दिवे वाढीव दाबाने जळतात. कोकणात खाऱ्या हवेने जोड हिरवे पडतात आणि जांभा दगडात अर्थिंगला ओल लागत नाही, म्हणून दर आगोटीला हे दोन्ही तपासून घेणे भाग आहे. आमच्या परिसरातील एका घरात पॅनेलकडून येणाऱ्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) तारांवर घरगुती एसी विजेचे साधे एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की वीज आपोआप तोडणारे स्विच, लावलेले मी पाहिले आहेत. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एमसीबी उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसी प्रवाह तसा शून्यावर येत नाही, ठिणगी जळत राहते आणि डबा पेटतो. अशी जोडणी करणारा माणूस चार गावांत संच बसवत फिरतो आणि त्याला विचारणारे कोणी नाही.

आता पावसाळा. आमच्या छपरावर ५५० वॉटची सोळा पॅनेल, म्हणजे ८.८ किलोवॅट आहेत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांतून दिवसाला ३५ ते ४० युनिट मिळतात. पंप दुपारी मनसोक्त चालतो, बॅटरी दोन वाजायच्या आत भरते आणि उरलेले ऊन वाया जाते. आर्द्रा ते आश्लेषा या नक्षत्रांत, मळभ धरून संततधार लागली की पॅनेल क्षमतेच्या दहा-वीस टक्के चालतात. एखादा दिवस पाच युनिटचा, एखादा आठचा, असे आठ-आठ दिवस जातात. कोटेशनवर मात्र वर्षाची सरासरी लिहिलेली असते : किलोवॅटला दिवसाला चार युनिट. सरासरी खोटी नाही; पण मे महिन्यात पापड-सांडगे वाळवून आषाढाची बेगमी करता येते, तशी एप्रिलची वीज जुलैसाठी भरून ठेवता येत नाही. आमची लिथियम बॅटरी १५ युनिटची आहे, म्हणजे काटकसरीने दोन दिवसांची. त्यापुढे जनरेटर. पारेषणविरहित संच बसवल्यावर डिझेलचा कॅन घरातून हद्दपार होईल, असे कोकणात कुणी सांगत असेल, तर त्याने येथे एक जुलै काढलेला नाही.

या दिवसांत तिसरा आकडा बोचू लागतो. एक दिवाही लावला नसताना चालू असलेला पाच केव्हीएचा इन्व्हर्टर स्वतःसाठी चाळीस-पन्नास वॉट घेतो. तीन इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवले, तर दिवसाला तीन ते साडेतीन युनिट नुसत्या जागे राहण्यावर जातात. आमच्या घराचा पावसाळ्यातील खर्च सहा-सात युनिट आहे : फ्रिजला एक-दीड, बाकी पंखे, दिवे, मिक्सर, राउटर आणि धुण्याचे यंत्र. म्हणजे ज्या दिवशी पॅनेलकडून पाच युनिट आले, त्या दिवशी अर्ध्याहून जास्त वीज यंत्रानेच खाल्ली. उन्हाळ्यात या तीन युनिटांची कुणाला आठवणही होत नाही.

सुदैवाने निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. पंपाला पाणी ओढायचे असते ते ऊन असलेल्या महिन्यांत. पाऊस सुरू झाला की मोटारीचे, आणि म्हणून तीन फेजचे काम संपते. त्यामुळे घराच्या सगळ्या तारा एका चेंजओव्हरमधून (एका पुरवठ्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या स्विचमधून) घेऊन, त्याच ४८ व्होल्टच्या बॅटरीवर एका फेजचा लहानसा वेगळा इन्व्हर्टर ठेवला, तर मृगापासून घर त्यावर चालवून तिन्ही मोठे इन्व्हर्टर बंद ठेवता येतात. आम्ही हेच करतो. पाणी तापवण्याचे काम या काळात बंबाकडे जाते. करवंट्या आणि सोडणे यांचा कोकणात तुटवडा नाही. साध्या ७५ वॉटच्या पंख्यांऐवजी ३० वॉटच्या आसपास चालणारे बीएलडीसी पंखे घेतले, तर त्याचा फायदा आणखी दोन पॅनेल वाढवण्यापेक्षा जास्त होतो, कारण पंखा वाचवतो ती वीज मळभातही वाचते. पॅनेलवर पडलेली पोफळीची एक झावळी काढून टाकण्याचेही तसेच. ती एका पॅनेलवर पडली, तरी त्या ओळीतील उत्पादन घटते.

लिथियम बॅटरीविषयी एक बारीक गोष्ट येथेच सांगतो, कारण माहितीपत्रकात ती सहसा सापडत नाही. या बॅटरीचा व्होल्टेज भरल्यापासून रिकामी होईपर्यंत बराच काळ जवळजवळ सारखा राहतो, म्हणून पडद्यावरची टक्केवारी ही आत-बाहेर गेलेल्या प्रवाहाच्या मोजणीवरून काढलेली असते आणि बॅटरी पूर्ण भरली की ती मोजणी पुन्हा जुळते. पावसाळ्यात कित्येक दिवस बॅटरी पूर्ण भरतच नाही. मोजणी हळूहळू चुकत जाते आणि पडद्यावर तीस टक्के दिसत असताना घर अचानक अंधारते. ग्राहकाला वाटते, बॅटरी गेली. प्रत्यक्षात जनरेटर लावून ती एकदा पूर्ण भरून घेतली की बहुधा प्रश्न मिटतो. जनरेटर तीन फेजचा असेल, तर त्याच्या फेजचा क्रम इन्व्हर्टरशी जुळवून घ्यावा लागतो. अन्यथा इन्व्हर्टर तो स्वीकारत नाही, आणि थेट मोटारीला जोडल्यास पंप उलटा फिरून पाण्याची धार बारीक होते. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की काम होते, पण पाऊस कोसळत असताना हे सांगायला कोणी यायचे नाही.

हा सारा खटाटोप वाचून प्रश्न पडेल की अशा संचाची शिफारस मी करतो का. सरसकट करत नाही. ज्याच्याकडे महावितरणची बरी जोडणी आहे, त्याने या भानगडीत पडू नये. पारेषणाशी जोडलेला संच आणि गरजेपुरती बॅटरी त्याला पुष्कळ झाली. ज्याला तीन फेज केवळ पंपासाठी हवे आहेत, त्याने स्वतंत्र सौर कृषिपंप घ्यावा. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींतील शेतकऱ्याला पाच टक्केच रक्कम भरावी लागते, आणि अशा पंपाला बॅटरी लागत नाही. घरासाठी मग एका फेजचा तीन-चार किलोवॅटचा संच पुरतो. घर, गिरणी आणि पाणी या तिन्हींसाठी एकच संच ज्यांना खरोखर लागतो, अशी घरे थोडी आहेत. पण ती आहेत, आणि आज ती पूर्णपणे पुरवठादाराच्या मर्जीवर आहेत.

सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. मात्र संच पारेषणाशी जोडलेला असला तरच. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा लाभ आम्हालाही होतो, पण अनुदानाच्या रांगेत आम्हाला जागा नाही. तार ओढणे परवडत नाही अशा दुर्गम घरांना पारेषणविरहित संच द्यावा, हे तत्त्व केंद्राने आदिम जमातींसाठीच्या पीएम-जनमन योजनेत मान्य केलेले आहे, आणि ते योग्यच आहे. तेच तत्त्व, आर्थिक स्थितीची अट घालून का होईना, सह्याद्रीच्या कुशीतील आणि खाडीपलीकडच्या एकाकी घरांना लावता येईल. एका घरासाठी रानातून खांब उभे करायचे आणि दर वादळानंतर ते पुन्हा उभे करायचे, याचा महावितरणला येणारा खर्च त्याच्या शेजारी मांडून पाहावा. तसेच सौर कृषिपंपांच्या कंट्रोलरमधून पंप बंद असताना गिरणी किंवा कडबाकुट्टी चालवण्याची कल्पना केंद्राच्या कुसुम योजनेच्या आखणीतच आहे. ती गावपातळीवर उतरली, तर तीन फेजच्या वेगळ्या इन्व्हर्टरची गरज अनेकांना भासणारच नाही.

अनुदानाचा निर्णय व्हायला वेळ लागेल, हे समजू शकते. कोटेशनवरील चार आकड्यांना मात्र सरकारचा एक रुपयाही लागत नाही. फ्रिजवर वर्षाला किती युनिट लागतील हे छापलेले असते, २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही तारांकन सक्तीचे झाले. मग काही लाख रुपयांच्या सौर संचाच्या कागदावर प्रत्येक फेजची क्षमता आणि जुलैचे उत्पादन लिहायला कुणाची हरकत असावी? महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेने एक पानाचा नमुना ठरवून द्यावा, त्यात न्यूट्रल-अर्थ जोडणी आणि डीसी बाजूच्या एमसीबीची नोंद असावी, आणि बसवणाऱ्याने त्यावर सही करून प्रत ग्राहकाला द्यावी. त्याचबरोबर आयटीआयमधील वीजतंत्री अभ्यासक्रमात पारेषणविरहित तीन फेज जोडणीचे प्रात्यक्षिक यावे. कोकणातल्या आयटीआयमध्ये ते सुरू करायचे झाल्यास आमचा संच विद्यार्थ्यांना पाहण्यासाठी खुला आहे; शक्यतो त्यांनी जुलै महिन्यात यावे.

आपला विश्वासू,
एक बागायतदार,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी